तुरा लाल झाला की शिंपल्यांचं गाडगं भरा

भातकापणी आटोपत आली, दिवस लहान झालेत, कोंबड्यांची जुनी पिसं झडून नवीन फुटतायत. दोन-अडीच महिने अंडं नाही म्हणून बऱ्याच घरी सकाळी मूठभर कणी टाकली की झालं, अंडं देत नाही तर खायला कशाला घालायचं. इथेच घात होतो. अंडी परत सुरू होतात आणि दोन-तीन आठवड्यांत चांगली कोंबडी पाय पसरून बसते, मग लोक म्हणतात मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) आली.

दर वेळी मानमोडी नसते हो. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम जातं, खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते आणि कणीत कॅल्शियम नावालाच असतं. गेल्या वर्षी माझी एक गिरिराज जातीची कोंबडी अशीच बसली, उचलताना पंखाचं हाड कट्कन मोडलं. तिचं शेवटचं अंडं भाताच्या पेंढ्यात पडलं होतं, नुसती कातडी, बोट लावलं की खड्डा.

पिसं पूर्ण येईपर्यंत प्रोटीन लागतं, कारण पीस म्हणजे जवळजवळ 85 टक्के प्रोटीनच. खाद्यात 16 ते 18 टक्के धरा. घरचं खाद्य असेल तर बिनमिठाचा सुका जवळा दहा भागांत एक भाग, जास्त घातला तर अंड्याला वास मारतो. शेंगदाणा पेंड आणि मका घ्यायच्या आधी वास घ्या, आपल्या दमट हवेत बुरशी लगेच धरते, बुरशीचं खाद्य फुकट मिळालं तरी घालू नका.

आता शिंपल्या. तुरा लाल झाला आणि पाठीवर हात ठेवल्यावर कोंबडी दबून बसायला लागली की माझ्या अंदाजाने आठ-दहा दिवसांत अंडं येतं, त्याच्या आधी गाडगं भरलेलं पाहिजे. तिसऱ्या, मुळे, कालवं अशी शिंपल्यातली मासळी खाऊन झाली की कवचं फेकू नका. गोड्या पाण्यात दोनदा धुवा, खारेपणा जाऊ दे, कडक उन्हात वाळवा, कुटून चाळा. ज्वारी ते मुगाएवढे तुकडे ठेवा, टोकदार कपच्या काढा. पीठ नको, कारण कवच जास्त करून रात्री बनतं, जाड तुकडा पोटात राहून हळूहळू विरघळतो, पीठ तोवर निघून जातं. खाद्यात न मिसळता वेगळं ठेवा, जिला हवं ती खाते. अंडं देणाऱ्या कोंबडीला रोज 8-10 ग्रॅम पुरतं.

दुकानदार कॅल्शियमची बाटली आणि अंडी वाढवायची पावडर गळ्यात मारेल. पाच-पंचवीस कोंबड्यांना ते पैसे घालू नका, समुद्र दाराशी आहे. पानाचा चुना पाण्यात घालायचा प्रकारही बंद करा, तोंड-घसा भाजतो.

बाकीचं नेहमीचं:
- जंताचं औषध, डॉक्टरांना विचारून
- लासोटा लस (मानमोडीवरची)
- उवांसाठी कोरडी राख-माती
- पाणी दिवसातून दोनदा बदला
- पिसं पूर्ण आल्यावरच बल्ब, दिवसाचा उजेड धरून एकूण 14-15 तास

मुंगसाच्या भीतीने दिवसभर कोंडून ठेवू नका, ऊन लागलं नाही तर डी जीवनसत्त्व बनत नाही आणि खाल्लेली शिंपली अंगी लागत नाही. जाळी मारा पण ऊन येऊ दे.

एखादी बसलीच तर लगेच वेगळी करा, पाणी आणि शिंपली तोंडाशी ठेवा, सकाळच्या उन्हात ठेवा. लवकर लक्षात आलं तर बऱ्याचदा काही दिवसांत उठते. मान वाकडी, हिरवी शिट किंवा दोन-तीन एकदम बसल्या तर मात्र शिंपल्यांवर थांबू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.