अंबाडीपासून इथिओपियापर्यंत: नागपूरच्या स्वयंपाकघरात जगाची चव कशी आणावी

परदेशी पदार्थ करून बघायचे ठरलं की बहुतेक जण आधी दुकान गाठतात. तीन-चार सॉसच्या बाटल्या येतात, एकदा वापरल्या जातात आणि मग वर्षभर फ्रिजच्या दारात उभ्या राहतात. माझं सांगणं असं आहे की सुरुवात आपल्या घरातल्या डब्यांपासून करा. ज्वारी, मसूर, अंबाडी, भिवापुरी मिरची हे सगळं नागपुरात सहज मिळतं आणि तेवढ्यावर निदान एका देशाचं पूर्ण जेवण होतं.

आधी तीन प्रश्न

एका महिन्याला एकच देश घ्या. त्याच्या जेवणाला तीन प्रश्न विचारा: पोट कशाने भरतात, आंबटपणा कशाचा आणि स्निग्धपणा कशाचा? थायलंडचं उत्तर तांदूळ, लिंबू-चिंच आणि नारळाचं दूध. इथिओपियाचं उत्तर टेफ नावाचं बारीक धान्य, पीठ आंबवल्याने येणारा आंबटपणा आणि मसाला घालून कढवलेलं तूप. तीनपैकी दोन गोष्टी आपल्या घरात असतील तो देश आधी निवडा. म्हणूनच मी इथिओपियापासून सुरुवात करा म्हणते. टेफ इकडे सहसा दिसत नाही, पण तिथे ज्वारीच्या पिठाचीही इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं, करतात आणि ज्वारीची आंबील आपल्याकडे जुनीच आहे.

पहिली पायरी पेयाची

पेय करायला सोपं आणि घरातली नाखूश मंडळीही एक घोट घेऊन बघतात. हिवाळ्यात बाजारात लाल अंबाडीची बोंडं येतात. त्यांच्या पाकळ्या सोलून वाळवा. अशा एक वाटी वाळक्या पाकळ्या लिटरभर पाण्यात पाच मिनिटं उकळा, वीस मिनिटं झाकून ठेवा, गाळा आणि साखर घाला. भांडं स्टीलचं घ्या, अॅल्युमिनियमचं नको; हे पाणी चांगलंच आंबट असतं.

हेच पेय इजिप्त-सुदानमध्ये करकदे म्हणून गरम किंवा गार पितात. पुदिना घातला की सेनेगलच्या बिसापच्या जवळ जातं. आलं-लवंग घालून उकळलं की जमैकात नाताळात पितात ते सॉरेल होतं. मेक्सिकोत साधं गार करून जेवणाबरोबर घेतात. मी पहिल्यांदा करकदे म्हणून ग्लास पुढे केला तेव्हा आई एक घोट घेऊन म्हणाली, “हे त आपलं अंबाडीचंच शरबत होय व!” तिचं बरोबर होतं, झाड एकच आहे. आपल्या मे महिन्याच्या उन्हात यातला पुदिन्याचा प्रकार सगळ्यात बरा वाटतो.

इंजेरा: इथे घाई करू नका

इंजेरा म्हणजे परातीएवढं मोठं, मऊ, जाळीदार धिरडं. ताट तेच आणि पोळीही तीच.

दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक आणि तीन वाट्या पाणी कालवून झाकून ठेवा. नागपूरच्या उन्हाळ्यात एका रात्रीत पीठ फसफसतं, डिसेंबरात दोन-तीन दिवस लागतात. घड्याळाकडे नाही, वासाकडे लक्ष द्या: आंबिलीसारखा स्वच्छ आंबट वास आला की तयार. रंगीत बुरशी किंवा कुजका वास आला तर टाकून द्या. वर पाणी साचलं असेल तर ते ओतून टाका.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. अर्धी वाटी आंबलेलं पीठ एक वाटी पाण्यात कालवून मंद आंचेवर ढवळत शिजवा, अगदी उकडीसारखं. याला तिकडे अब्सित म्हणतात. कोमट झालं की उरलेल्या पिठात मिसळा आणि तासभर थांबा. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो या शिजवलेल्या पिठाने भरून निघतो. पहिल्या वेळी मी हे वगळलं होतं आणि एकही धिरडं तव्यावरून अखंड सुटलं नाही.

मिश्रण ताकाहून थोडं दाट हवं. तवा मध्यम गरम करा आणि कडेकडून आत गोल फिरवत पीठ ओता. क्षणभर काही होत नाही, मग कडेला टाचणीएवढं एक भोक पडतं, शेजारी दुसरं आणि बघता बघता सगळी जाळी उघडते. या भोकांना तिकडे डोळे म्हणतात. डोळे उघडले की झाकण ठेवा, दीड-दोन मिनिटांनी काढा. उलटायचं नाही. कापडावर पूर्ण गार झाल्याशिवाय एकावर एक ठेवू नका, चिकटतात.

मसुराचं वत आणि बरबेरे

वत म्हणजे त्यांचा दाटसर रस्सा आणि बरबेरे हा त्यांचा मसाला. आठ-दहा वाळक्या भिवापुरी मिरच्या, चमचाभर धने, अर्धा चमचा मेथीदाणे, अर्धा चमचा कलौंजी, चिमूटभर ओवा, चार वेलच्यांचे दाणे, दोन लवंगा, थोडी मिरी आणि दालचिनी मंद आंचेवर भाजा, सुंठ घालून बारीक दळा. सगळं इतवारीत एका फेरीत मिळतं. मेथी करपू देऊ नका, कडूपणा शेवटपर्यंत जात नाही.

तीन मोठे कांदे अगदी बारीक चिरा आणि तेल न घालता जाड बुडाच्या कढईत परता. लागतंय असं वाटलं की पाण्याचा हबका मारा. वीसेक मिनिटांत कांदा विरघळल्यासारखा होतो. मग तेल, आलं-लसूण आणि दोन चमचे बरबेरे घालून परता. एक वाटी मसूर डाळ आणि तीन वाट्या पाणी घालून डाळ मऊ होईपर्यंत शिजवा, मीठ शेवटी. सावजी तर्रीवर वाढलेल्या जिभेला हे तिखट परकं वाटत नाही.

शाकाहारी घरांसाठी इथिओपिया आणखी एका कारणाने सोपा आहे. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी-शुक्रवारी उपास धरतात. त्या दिवशी मांस, दूध, तूप, अंडी काहीच चालत नाही, त्यामुळे डाळी-भाज्यांचे पदार्थ भरपूर आहेत. पूर्व किंवा आग्नेय आशियाकडे वळाल तेव्हा मात्र विचारूनच खा. थाई जेवणात मासळीचा सॉस, कोरियाच्या किमचीत, म्हणजे आंबवलेल्या कोबीत, बरेचदा कोळंबी किंवा मासळी आणि जपानच्या मिसो सूपच्या पाण्यात बहुधा वाळवलेला मासा असतो, वरून काहीच दिसत नाही. बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी लेबल वाचावं.

वाढायचं कसं

मोठ्या परातीत इंजेरा पसरा, वर मधोमध वत आणि बाजूला कोबी-बटाट्याची परतलेली भाजी वाढा. सगळ्यांनी एकाच परातीत, उजव्या हाताने, तुकडा तोडून खायचं. मायेने दुसऱ्याच्या तोंडात घास भरवण्याला तिकडे गुरशा म्हणतात. हे नक्की करा. आमच्याकडे एरवी मोबाइल घेऊन जेवणारी मुलं त्या रात्री एकमेकांना घास भरवत बसली होती.

नंतर कॉफी. कच्च्या बिया मिळाल्या तर सगळ्यांसमोर कढईत भाजा, धुराचा वास पाहुण्यांपर्यंत जाऊ द्या, कुटा आणि बिनदुधाची उकळा. त्याच चोथ्यावर पाणी घालून तीन फेऱ्या होतात: अबोल, तोना, बरका. बरका म्हणजे आशीर्वाद, म्हणून तिसऱ्या कपाआधी पाहुणा उठत नाही.

पुढचा महिना मेक्सिकोचा ठेवा. तिकडे वाळका मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजवतात. त्याने साल सुटतं, पीठ एकजीव होतं आणि मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. खायचा शुद्ध चुना घ्या आणि मका पेरणीच्या बियाण्याचा घेऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं.