कर्करोगाच्या वेदना, मॉर्फिन आणि व्यसनाची भीती: घरच्यांनी काय करावे

कर्करोगाच्या वेदनांसाठी डॉक्टरांनी मॉर्फिन हे अफूपासून मिळणारे तीव्र वेदनाशामक लिहून दिले की बहुतेक घरांत पहिली शंका व्यसनाची निघते आणि मग गोळी अर्धी करणे, एखादी वेळ चुकवणे किंवा ‘अगदीच सहन झाले नाही तर देऊ’ म्हणून डबीत ठेवून देणे सुरू होते. याने रुग्णाचे हाल तेवढे वाढतात. व्यसनापासून संरक्षण मिळत नाही.

मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ पाहून द्यावी, कळ येण्याची वाट पाहू नये. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा अशा वेळा डॉक्टर सहसा ठरवून देतात; रात्रीचा डोस पुष्कळदा दुप्पट असतो, तो पहाटे दोनला रुग्णाची झोप मोडू नये म्हणून. मध्येच कळ उसळल्यास घ्यायचा जादा डोस किती, हे आधीच लिहून घ्यावे. दर चार तासांनी 10 मिलिग्रॅम चालू असेल, तर तो साधारणतः तेवढाच असतो. एका वहीत वेळ, 0 ते 10 पैकी वेदना किती आणि जादा गोळी लागली का, एवढे रोज टिपावे. त्या वहीवरूनच डॉक्टर मात्रा बदलतात. घरच्यांनी ती परस्पर बदलू नये.

काही आठवडे औषध घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते आणि ते एकदम थांबवल्यास घाम, जुलाब, अस्वस्थता जाणवते. हे व्यसन नव्हे. रेडिएशननंतर वेदना कमी झाल्यास मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवता येते. व्यसनी माणूस नुकसान दिसत असूनही औषधामागे धावतो, वेदना असो वा नसो. वेळेआधी गोळी मागणाऱ्या रुग्णाची मात्रा बहुधा अपुरी पडत असते, त्याला रागावणे अन्यायाचे आहे.

तरीही धोका खोटा नाही. रुग्णाला किंवा घरातील कोणाला दारूचे अथवा अमली पदार्थांचे व्यसन असेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. मात्र तेवढ्या कारणावरून औषध नाकारले जाऊ नये. एकाच डॉक्टरांनी लिहून देणे, थोड्या दिवसांपुरत्याच गोळ्या आणणे, त्या कुलपात ठेवून किल्ली एका जबाबदार व्यक्तीकडे देणे आणि रोज गोळ्या मोजणे, एवढ्याने पुष्कळ साधते. कुलूप मात्र प्रत्येक घरात हवेच. उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत द्याव्यात, शेजाऱ्याच्या पाठदुखीला देऊ नयेत.

मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठता जवळजवळ ठरलेली, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी सांगावा, आणि दारू किंवा डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या झोपेच्या गोळ्या पूर्ण टाळाव्यात. रुग्ण हलवूनही जागा होत नसेल, श्वास फार संथ झाला असेल, तर पुढची गोळी न देता तातडीने रुग्णालय गाठावे.

1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे हे औषध अनेक वर्षे दुर्मीळ राहिले. 2014 च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांची वाट सोपी केली, पण ते आजही प्रत्येक दुकानात मिळत नाही. म्हणून जवळच्या कोणत्या रुग्णालयात वेदनाशमन किंवा पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातील त्रास कमी करणारी सेवा) विभाग आहे, याची चौकशी गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच करावी. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात असा विभाग आहे. प्रवासात डॉक्टरांची चिठ्ठी गोळ्यांसोबतच ठेवावी.