एसडब्ल्यूआर १.३, ओके

हॅम रेडिओचं लायसन्स हातात पडलं की पहिल्या महिन्यात प्रत्येक जण मला विचारतो, "ताई, रिपीटरवर कधी नेणार?" नेणार. पण रिपीटर म्हणजे दुबळे सिग्नल पकडून जोरात पुढे सोडणारी डोंगरावरची पेटी, तो डोंगर चढायच्या आधी हे वाचा. माझ्यामुळे आमचा रिपीटर ऐन जुलैत तीन आठवडे बंद होता. तोंडावर कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त टोचतं.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स (कट्ट-कडकट्ट) नाही, जनरल वर्गाला मिनिटाला आठ शब्दांचं आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. जुने प्रश्न घोकून पास होता येतं. मी अर्धी तशीच पास झाले. ट्रान्समिशन लाईनचा, म्हणजे अँटेनाकडे जाणाऱ्या केबलचा, धडा चार मार्कांसाठी कोण वाचणार म्हणून सोडला, आणि पुढे अडकले ती बरोब्बर तिथंच. तेव्हा घोकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, फक्त सोडलेल्या धड्यावर पेन्सिलीनं खूण करून ठेवा. तो धडा परत भेटतो.

लायसन्स येईपर्यंत महिने जातात. तोवर नेट, म्हणजे ठरल्या वेळी सगळे रेडिओवर जमतात ते, ऐकायला क्लबात येऊन बसा, पण पीटीटीला, म्हणजे बोलायच्या बटणाला, हात लावायचा नाही. "एकदाच, टेस्टिंगला" सुद्धा नाही. आणि लायसन्स आल्यावर पीटीटी दाबल्या दाबल्या बोलू नका, एक श्वास थांबा. नाहीतर तुमच्या कॉलसाईनचा (लायसन्सवर मिळालेल्या ओळखीच्या अक्षरांचा) पुढचा अर्धा भाग रिपीटर उघडेपर्यंत हवेत विरतो आणि नेट चालवणारा नेट कंट्रोल बिचारा तीनतीनदा विचारत बसतो. पहिल्या नेटला माझी जीभ इतकी अडखळली की स्वतःचंच नाव फोनेटिकमध्ये ("ए म्हणजे अल्फा" अशा शब्दांत) चुकीचं सांगितलं. कुणी हसलं नाही. तुमच्यावरही हसणार नाहीत.

विद्यापीठाच्या आवारातला फॉक्स हंट (लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा खेळ), ऑक्टोबरातलं स्काउटच्या पोरांचं जोटा (रेडिओवरचा मेळावा), उघड्यावर स्टेशन मांडायचा फील्ड डे, सगळ्याला या. मजा असते, वर मिसळ क्लबाकडून. पण क्लब खरा कळतो तो रिपीटरच्या देखभालीत. आपल्याकडे ती मृगाच्या आधी उरकावी लागते. कारण कोल्हापूरकराला सांगायला नको. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. असं झालं की लाईट जाते, मागोमाग मोबाईलचे टॉवर मान टाकतात. तेव्हा डोंगरावरची ती पेटी चालू असावी म्हणून तर वर्षभर वर्गणी काढायची. (डोंगर कुठला ते लिहीत नाही. आमच्या बॅटऱ्या एकदा चोरीला गेल्यात.)

आता माझी गोष्ट.

मी पतसंस्थेत क्लार्क. रिपीटरची नोंदवही माझ्याकडे आली ती अक्षर चांगलं म्हणून. जूनच्या शेवटी तक्रारी सुरू झाल्या. जयसिंगपूरचा एक कॉलेजचा मुलगा हँडीवर, हातातल्या छोट्या सेटवर, छान यायचा, तो खरखरायला लागला. मग कागलकडचे दोघं. पाऊस दोन दिवस उघडला की जरा बरं, परत लागला की परत तेच. मी शनिवारी वर गेले, खोलीत मीटर लावला, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे सोडलेली पॉवर किती परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच परत नाही, जितकं जास्त तितकं वाईट) १.३. वहीत लिहिलं, "एसडब्ल्यूआर १.३, ओके." वरच्या ओळीत मागच्या वर्षीचा आकडा होता, १.६. म्हणजे सुधारलाय की! मला काय आनंद झाला होता.

थांबा, इथंच थांबा. कुणी अँटेनाला हात लावलेला नाही, केबल बदललेली नाही, आणि आकडा सुधारला. पतसंस्थेत एखादं बुडीत खातं आपोआप जुळलं तर मी संशयानं सगळ्या पावत्या उपसून काढीन. इथं मात्र ओके लिहून खाली आले.

काय होत होतं ते सावकाश सांगते, कारण हे मला तेव्हा कुणी सावकाश सांगितलं नाही. मीटर खाली, खोलीत. अँटेना वर, मधे तीसेक मीटर केबल. मीटर बघतो तो फक्त किती पॉवर वर गेली आणि किती परत आली. समजा केबलमध्ये पाणी शिरलंय आणि तिच्यात ८ डेसिबल लॉस होतोय. खालून २५ वॅट सोडले, वर पोचले ४. बाकीच्यानं केबल गरम झाली. आता समजा वर अँटेनाच नाही, कुणी कापून नेली. चारच्या चार वॅट उलटे फिरणार. पण परत येताना तीच ओली केबल पुन्हा आपला हिस्सा खाते, आणि मीटरपर्यंत येतात जेमतेम ०.६ वॅट. मीटर बघतो, २५ गेले, अर्धा-पाऊण परत आला. दाखवतो १.४ च्या आत.

अँटेना नसताना!

म्हणजे केबल जितकी खराब, तितका खालचा आकडा देखणा. डमी लोड म्हणजे दुसरं काय असतं? पॉवर गिळून गप्प बसणारी वस्तू. आमची केबल डोंगरावर टांगलेला तीस मीटरचा डमी लोड झाली होती आणि मी तिला शाबासकी देत होते.

हे तेव्हा कळलं असतं तर नुकसान एका केबलचं होतं. पण मीटर ओके म्हणतोय म्हटल्यावर दोष पेटीत असणार, असं मी ठरवून टाकलं. यूट्यूबवर एका भल्या माणसानं पेटीतल्या डुप्लेक्सरचे स्क्रू कसे "हलकेच" फिरवायचे ते दाखवलं होतं. मी फिरवले. कानावर भरवसा ठेवून, कुठलंही यंत्र न लावता.

डुप्लेक्सरचं काम सांगते. एकाच अँटेनातून २५ वॅट बाहेर जातायत, त्याच क्षणी त्याच अँटेनातून मायक्रोव्होल्टच्या अंशाएवढा सिग्नल आत घ्यायचाय, आणि दोघांत अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ. देवळात नगाऱ्याशेजारी उभं राहून कुजबुज ऐकायची, तसलं काम. माझ्या अर्ध्या फेऱ्यात ते बिघडलं. सिग्नल आला की रिपीटर उघडायचा, स्वतःच्याच ट्रान्समीटरनं बहिरा व्हायचा, मिटायचा, मिटला की परत ऐकू यायचं, परत उघडायचा. शेवटी बंदच करावा लागला.

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले एक काका आहेत क्लबात. त्यांना मी सगळं सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "खालचा आकडा हाय तुझ्याजवळ. वरचा कुठाय?" मला राग आला. सरळ उत्तर द्यायला काय होतं यांना, असं वाटलं. दुसऱ्या रविवारी पावसाची उघडीप बघून आम्ही टॉवरवर एकाला चढवलं. त्यानं अँटेनाकडचा कनेक्टर सोडला आणि मोकळं टोक तसंच लोंबत ठेवलं. खाली नॅनो व्हीएनए, एसडब्ल्यूआर मोजायचं छोटं यंत्र, लावला. केबल धडधाकट असेल तर टोक असं मोकळं असताना एसडब्ल्यूआर तीनच्या वर दाखवायला पाहिजे. आमचं १.४.

मग केबल खाली घेतली. काकांनी कनेक्टर कापला आणि केबल चहाच्या कपावर उभी धरली. थेंब थेंब पाणी पडलं, गढूळ, हिरवट. वरचं काळं आवरण सोललं तर आतली तांब्याची जाळी काळी पडून बोटाला लागत होती. हातभर कापलं, काळीच. आणखी हातभर, तरी काळीच. पाणी त्या जाळीतून वातीत तेल चढावं तसं सरकत जातं. चमकणारं तांबं दिसेपर्यंत आठ मीटर गेली, मग काकांनी कात्री ठेवली आणि सगळीच फेकायची ठरली.

पाणी शिरलं कुठून? कनेक्टरवर वायरमनची साधी पीव्हीसी टेप होती. मीच गुंडाळलेली, आदल्या मे महिन्यात, उन्हात घाई करून. पीएल-२५९ कनेक्टर मुळात पाणी अडवत नाही. त्याच्यावर आधी सेल्फ-अमल्गमेटिंग रबर टेप, चांगली ताणून, आणि खालून वर गुंडाळत न्यायची, कौलं घालतात तशी, म्हणजे प्रत्येक वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी बाहेरून ओघळतं. त्यावर उन्हासाठी पीव्हीसी. वर एन टाईप कनेक्टर मिळत असेल तर तोच लावा, त्याला रबरी वॉशर असतो. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली एक वळसा ठेवा, पाणी तिथं गळून जातं. क्लॅम्प आणि यू-बोल्ट उद्यमनगरात मापाचे करून मिळतात, गॅल्व्हनाईज करून घ्या, शंभर रुपये वाचवायला जाऊ नका.

आणि टॉवरवर बेल्टशिवाय चढायचं नाही. ढग गडगडला की खाली. यावर चर्चा नाही.

रोगाची लक्षणं मला आता अशी कळतात. जाणं आणि येणं दोन्ही सारखंच क्षीण झालं, आणि पावसाबरोबर कमी-जास्त होतंय, तर केबल किंवा कनेक्टर. बोलणं लांबवर पोचतंय पण रिपीटर ट्रान्समिट करताना दुबळे सिग्नल तुटतायत, तर डुप्लेक्सरकडे बघा. बघा म्हणजे बघाच. स्क्रूला हात लावायचा तो यंत्र जोडून, जाणकार शेजारी असताना.

गुरूंबद्दल माझं एक मत आहे, काहींना पटणार नाही. तुमच्या हातातून पाना काढून घेऊन स्वतः करून दाखवणारा गुरू फार लोकप्रिय असतो. दोन मिनिटांत काम होतं, तुम्ही टाळ्या वाजवता, पुढच्या वेळी परत त्यालाच फोन. मला काकांचा राग आला तो त्यांनी उत्तर दिलं नाही म्हणून. तरी अजूनही वाटतं, "वर" म्हणजे केबलच्या वरच्या टोकाला, एवढे चार शब्द त्यांनी जास्त बोलले असते तर आठवडाभर आधी रिपीटर सुरू झाला असता. दोन्ही खरं आहे. मी तुमच्याशी ते चार शब्द बोलेन.

बिघडवाल तुम्हीही काहीतरी. त्याची भीती घेऊन घरी बसू नका. क्लबानं माझ्याकडून नोंदवहीसुद्धा काढून घेतली नाही. फक्त केलं काय ते वहीत खरं लिहा. मी "स्क्रू फिरवले, अर्धा फेरा, तिसरी कॅव्हिटी" (कॅव्हिटी म्हणजे डुप्लेक्सरचा एकेक डबा) असं लिहिलं होतं, लाजत लाजत. डुप्लेक्सर परत जुळवायला पुण्याहून जे आले त्यांना त्या ओळीचाच उपयोग झाला.

वहीत आता दोन रकाने आहेत, खाली आणि वर. वरचा रकाना वर्षातून एकदाच भरतो, मे महिन्यात, पॉवर मीटर टॉवरवर नेऊन. नव्या केबलला खालून २५ सोडले की वर १३ मिळतात. दचकू नका, आरजी-२१३ जातीच्या केबलला एवढ्या लांबीत तेवढा लॉस असतोच, आणि त्याहून जाड केबलचे पैसे अजून जमलेले नाहीत. १३ चे १० झाले तर मला कळवा.

डुप्लेक्सरच्या प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका दिसेल. माझंच नेलपॉलिश आहे. ठिपक्याला तडा गेलेला दिसला तर मीटर काढायच्या आधी वहीत बघा, शेवटचं वर कोण गेलं होतं.