इनबॉक्समधलं सीआरएम निवडताय? आधी मेल कुठे साठतो ते विचारा

जीमेल किंवा आउटलुकच्या आतच चालणारं सीआरएम, म्हणजे क्लायंटांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यावं का, असं विक्रीच्या किंवा क्लायंट सांभाळण्याच्या कामात नव्याने आलेली मंडळी हमखास विचारतात. घ्यावं. दिवसभर मेलमध्येच असणाऱ्या माणसाला नोंदी करायला दुसऱ्या टॅबमध्ये पाठवलं की थोड्याच दिवसांत नोंदी बंद पडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मेल उघडला की बाजूच्या पट्टीत त्या क्लायंटचं कार्ड, मागची बोलणी, कोटेशनची रक्कम आणि पुढच्या फॉलो-अपची तारीख दिसते. या सोयीची किंमत गर्दीच्या दिवशी कळते.

पाइपलाइन म्हणजे काय, लीड आणि डील यात फरक काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. रंग, बटणं, टेम्प्लेटं यांवरही वेळ घालवत नाही, ती सगळीकडे जवळपास सारखीच असतात. ज्या एका गोष्टीने आम्हाला तोंडघशी पाडलं, तिच्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते.

आमची एक सहकारी नोकरी सोडून गेली. जाण्याआधी तिने सगळं व्यवस्थित हस्तांतरित केलं. पाइपलाइन, म्हणजे चालू व्यवहारांची टप्प्यांनुसार यादी, माझ्या नावावर केली, प्रत्येक कार्डावर नोट लिहिली. तिचं मेल खातं अ‍ॅडमिनने नेहमीच्या पद्धतीने काढून टाकलं. पुढे तिच्या एका क्लायंटचा मेल आला: ठरल्याप्रमाणे दुसऱ्या टप्प्याचं काम कधी सुरू करताय? मी कार्ड उघडलं. नाव, रक्कम, टप्पा, शेवटच्या संपर्काची तारीख आणि खाली मेलांचे विषय ओळीने मांडलेले. त्यात ‘सुधारित कोटेशन, दुसरा टप्पा’ असा विषय दिसला आणि जीव भांड्यात पडला. क्लिक केलं तर पान कोरं. वरचा, खालचा, सगळेच मेल कोरे. विषय आणि तारखा तेवढ्या शिल्लक होत्या. दुसऱ्या टप्प्याचं काय ठरलं होतं, ते शेवटी क्लायंटलाच विचारावं लागलं. त्या फोनच्या आधी किती वेळ नुसती बसून होते, ते अजून आठवतं.

असं का होतं, ते नीट समजून घ्या. सहकाऱ्याचा मेल तुम्हाला दाखवायचे या टूलांकडे साधारण दोन मार्ग असतात. पहिल्यात टूल प्रत्येक मेलची प्रत स्वतःच्या सर्व्हरवर ठेवतं. दुसऱ्यात प्रत ठेवतच नाही. विषय, तारीख, पाठवणाऱ्याचा पत्ता एवढंच नोंदवून ठेवतं आणि तुम्ही क्लिक केलं की सहकाऱ्याने दिलेली परवानगी वापरून तिच्या मेलबॉक्समधून मजकूर त्या क्षणी आणून दाखवतं. खातं जिवंत असेपर्यंत दोन्ही मार्ग पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून डेमोत फरक कळत नाही आणि ट्रायलमध्येही कळत नाही. खातं गेलं की परवानगी जाते आणि दुसऱ्या मार्गाने चालणाऱ्या टूलमध्ये फक्त सांगाडा उरतो. पाइपलाइन दुसऱ्याच्या नावावर केल्याने यात काहीही बदलत नाही, कारण नावावर होतं ते कार्ड. मेल मूळ मालकाच्याच खात्यात असतो.

वेळही फार नसतो. गुगल वर्कस्पेसमध्ये काढलेलं खातं अ‍ॅडमिनला 20 दिवसांच्या आत परत आणता येतं, मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये 30 दिवसांच्या आत. क्लायंट साधारण त्यानंतरच जुनी गोष्ट उकरून काढतात. म्हणून कोणी सोडून जात असेल तर ‘खातं डिलीट करू नका, आधी सस्पेंड करा’ असं अ‍ॅडमिनला लेखी कळवा. आउटलुक वापरत असाल तर तो मेलबॉक्स शेअर्ड मेलबॉक्समध्ये, म्हणजे टीममधल्या अनेकांना उघडता येणाऱ्या मेलबॉक्समध्ये, बदलून घ्या. हे तुमचं काम नाही असं कोणी म्हणालं तरी करा.

टूल घेण्याआधी विक्रेत्याला लेखी प्रश्न विचारा: ‘युजरचं मेल खातं बंद झाल्यावर त्याच्या जुन्या मेलांचा मजकूर आणि अटॅचमेंटं बाकीच्या टीमला दिसतील का?’ मजकूर आणि अटॅचमेंटं हे शब्द गाळू नका. ‘डेटा सुरक्षित राहतो’ असं उत्तर आलं तर तो नकारच समजा. मग स्वतः पडताळा. अ‍ॅडमिनकडून एक चाचणीचं खातं मागून घ्या, त्यावरून काही मेल पाठवा, ते कार्डाला जोडा, खातं काढून टाका आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॉगिनने ते कार्ड उघडा.

सीएसव्ही एक्स्पोर्टवरही, म्हणजे टूलमधून तक्त्याच्या फाइलमध्ये उतरवून घेतलेल्या यादीवरही, विसंबू नका. त्यात नावं, पत्ते, टप्पे, रकमा येतात. मेलांचा मजकूर बहुधा येत नाही.

प्रत ठेवणारं टूल घेतलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. पूर्ण मेलबॉक्स सिंक केला तर पगाराचा मेल, तब्येतीचा मेल, सगळंच टीमपुढे उघडं पडू शकतं. कोणते पत्ते आणि डोमेन कधीच नोंदवायचे नाहीत, याची यादी हबस्पॉटसारख्या टूलांमध्ये करता येते. पहिल्या दिवशी ती भरा, मगच सिंक सुरू करा. जीमेलमधला मजकूर वाचून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या अ‍ॅपांना बाहेरच्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी करून घ्यायची अट गुगलने 2019 पासून लावली आहे. ती झाली आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. स्ट्रीक आणि नेटहंट ही सीआरएम जीमेलच्या पानातच मिसळून जातात, ती क्रोम एक्स्टेंशनमुळे, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या पुरवणीमुळे. फोनवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये एक्स्टेंशन चालत नाही, त्यामुळे बाहेर फिरून काम करत असाल तर त्या टूलचं मोबाइल अ‍ॅप आधी वापरून बघा. कॉपर हे सीआरएम गुगल वर्कस्पेस डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं आहे. तुमची कंपनी आउटलुकवर असेल तर त्याचा विचार सोडा. नव्या आउटलुकमध्ये जुन्या पद्धतीचे, संगणकावर बसवायचे कॉम अ‍ॅड-इन चालत नाहीत, वेब अ‍ॅड-इनच लागतो. मोठं नाव बघूनही निश्चिंत होऊ नका. खुद्द मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये दिलेलं आउटलुक कस्टमर मॅनेजर 2020 मध्ये बंद झालं.

मेल उघडला की कळवणाऱ्या ट्रॅकिंगसाठी जास्तीचे पैसे देऊ नका, या मतावर मी ठाम आहे. अ‍ॅपलने 2021 मध्ये आयओएस 15 बरोबर मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं, तेव्हापासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये ते चालू असेल तर मेलमधली चित्रं, आणि ट्रॅकिंग ज्यावर चालतं ते अदृश्य चित्रही, माणसाने बघण्याआधीच उतरवली जातात आणि न वाचलेला मेलही ‘उघडला’ म्हणून दिसतो. त्या खुणेवर भरवसा ठेवून ‘माझा मेल पाहिलात ना’ असा फोन करणारी नवी मुलं पाहिली की वाईट वाटतं. फोन जरूर करा, पण ठरलेल्या तारखेला. एकगठ्ठा मेल पाठवण्याची सोय बघूनही हुरळून जाऊ नका. मोफत जीमेलची मर्यादा दिवसाला 500, वर्कस्पेसची 2000, आणि इनबॉक्समधल्या टूलने पाठवलेला मेल बहुधा तुमच्याच खात्यातून जातो. खातं अडकलं तर चालू क्लायंटचे मेलही अडकतात.

सल्ला घ्यायचा तर रोज नोंदी करणाऱ्या माणसाचा घ्या. रेफरलचं कमिशन मिळणाऱ्याचा नको, आणि फक्त रिपोर्ट बघणाऱ्या साहेबांचाही नको. त्यांना चढता आलेख दिसतो, त्याखालची कोरी पानं दिसत नाहीत.

हे वाचून घाबरला असाल तर घाबरू नका. टूल बदलता येतं. कार्डांची संख्या कमी असेपर्यंत तर एका दुपारचं काम आहे. एकट्याने काम करत असाल तर वरची मोठी अडचण तुम्हाला सध्या लागूच होत नाही, कारण सगळा मेल तुमच्याच खात्यात आहे. मोफत प्लॅन घ्या आणि कामाला लागा. टीम असेल तर एक सवय आजपासून लावून घ्या: रक्कम, तारीख किंवा अट ठरवणारा मेल आला की त्यातली ती दोन वाक्यं कॉपी करून कार्डाच्या नोटमध्ये चिकटवायची आणि अंतिम कोटेशनची पीडीएफ टीमच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकायची. त्या सहकारीच्या ज्या मोजक्या कार्डांवर अशी वाक्यं होती, तेवढ्या क्लायंटांना मला काहीही विचारावं लागलं नाही.