मेणबत्ती विझते, पाणी चढतं आणि आपण चुकीचं शिकवतो: विज्ञान शिक्षकांनी प्रशिक्षणात टाळायच्या चुका

तालुक्याच्या प्रशिक्षणाला तज्ज्ञ म्हणून बोलावणं आलं की मी पिशवीत चार वस्तू टाकतो: स्टीलची ताटली, काचेचा ग्लास, मेणबत्त्यांचं पाकीट, काडेपेटी. पहिल्या तासाला पीपीटी दाखवायची असते, पण प्रोजेक्टरची केबल सापडेपर्यंत वीस मिनिटं जातातच. तेवढ्यात माझं काम होतं.

ताटलीत पाणी, पाण्यात मेणबत्ती उभी, वर ग्लास पालथा. ज्योत मिणमिणते, विझते आणि पाणी सरसर ग्लासात चढतं. का चढलं? चाळीस जण एका सुरात सांगतात, "सर, ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली." किती चढलं? "एक पंचमांश." मग मी त्याच ताटलीत तीन मेणबत्त्या चिकटवतो आणि तोच ग्लास पालथा घालतो. पाणी आधीपेक्षा चांगलंच वर जातं. ग्लास तोच, ऑक्सिजनही तेवढाच. मग हे जास्तीचं पाणी कुणाच्या जागेवर आलं?

खोलीत शांतता पसरते. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे आले होते ना?" तिथे गाठ सुटते. ज्योतीने तापून फुगलेल्या हवेपैकी थोडी बाहेर निसटते. ज्योत विझल्यावर आत उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणून तर मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं हलत नाही, विझल्यावर मात्र झपकन चढतं. ऑक्सिजन थोडा वापरला जातो हे खरं, पण तो सगळा संपायच्या बराच आधी मेणबत्ती विझलेली असते. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तो आतच असतो.

मी स्वतः हे अकरा वर्षं चुकीचं शिकवलं. तोवर वरिष्ठ वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणाची वेळ जवळ आली होती, प्रमाणपत्रांची फाइल जाडजूड झाली होती, आणि एकाही प्रशिक्षणात मला कुणी दुसरी मेणबत्ती लावायला सांगितलं नव्हतं.

बघून यायचं, करून नाही

ही सगळ्यांत मोठी चूक. प्रशिक्षणात प्रयोग नेहमी समोरच्या टेबलावर होतो. पहिल्या रांगेतले मोबाइलवर व्हिडिओ काढतात, मागचे उभे राहून बघतात, आणि सगळे "हो, कळलं" म्हणतात. सोमवारी शाळेत तोच प्रयोग करायला घेतला की तो होत नाही. एकदा झाला नाही की वर्षभर फळ्यावरच.

हवेतलं ऑक्सिजनचं एक पंचमांश प्रमाण दाखवायचंच असेल तर मेणबत्ती सोडून गंजाकडे वळा. परीक्षानळी आतून ओली करून लोखंडाचा कीस भुरभुरवायचा, तो काचेला चिकटला की नळी पाण्यात पालथी उभी करायची आणि दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. लोखंड गंजताना आतला ऑक्सिजन वापरला जातो आणि पाणी नळीच्या साधारण एक पंचमांश उंचीपर्यंत चढतं. सांगायला सोपं, पण आमच्या गटात पहिल्या वेळी दहापैकी सात नळ्या फसल्या. कारणं काय? तिघांनी भांडी घासायची तारेची घासणी आणली होती. ती बहुतेक स्टेनलेस स्टीलची असते, गंजतच नाही. तिघांनी लेथच्या वर्कशॉपमधून कीस आणला, पण त्यावर तेल होतं. साबणाच्या पाण्याने धुऊन मग वापरला तर चालला. आणि एका सरांनी पाणी किती चढलंय ते बघायला रोज नळी उचलली.

या सात फसलेल्या नळ्यांमधून आम्ही जे शिकलो ते यशस्वी तीन नळ्यांमधून शिकलो नाही. म्हणून माझं आयोजकांना सांगणं असतं की दिवसाला पाच प्रयोग दाखवू नका, एकच द्या, पण प्रत्येकाच्या हातात द्या. आणि शिक्षकांना सांगणं असतं की समोर बोलावलं नाही तरी उठून पुढे जा. चहाच्या सुट्टीत साहित्य टेबलावरच पडलेलं असतं.

न येणारा धडा झाकून ठेवणं

आपल्याकडे बी.एस्सी. कुठल्याही विषयात केलेलं असो, नववी-दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञान हा अख्खा विषय शिकवायला लागतो. प्राणिशास्त्रवाल्या बाईंना भिंगांचा धडा आला की पोटात गोळा येतो, रसायनवाल्या सरांना आनुवंशिकता नको वाटते. हे सगळ्यांना माहीत असतं, पण प्रशिक्षणात कुणी बोलत नाही. शेजारी ज्युनिअर कॉलेजचे लोक बसलेले, केंद्रप्रमुख मागे उभे. मग आपण आपल्याला छान येणाऱ्या विषयावरच प्रश्न विचारतो, वाहवा घेतो आणि रिकाम्या हातांनी परत येतो.

मी बहिर्वक्र भिंगाने खिडकीची प्रतिमा समोरच्या कागदावर पाडतो. उलटी, लहान, रंगीत. मग विचारतो, भिंगाचा वरचा अर्धा भाग पोस्टकार्डने झाकला तर कागदावर काय दिसेल? निम्म्याहून जास्त हात "अर्धी खिडकी" म्हणून वर जातात. वरची अर्धी का खालची, यावर दोन गटही पडतात. प्रत्यक्षात झाकल्यावर खिडकी पूर्णच दिसते, फक्त अंधुक होते. कारण खिडकीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण भिंगाच्या सगळ्या भागांवर पडतात. अर्धं झाकलं तर किरण कमी होतात, बिंदू गळत नाहीत. किरणाकृतीत आपण दोनच किरण काढतो, त्यामुळे मुलांना (आणि आपल्यालाही) वाटतं की किरण दोनच असतात.

हा प्रश्न मी मुद्दाम सगळ्यांना आधी कागदावर लिहायला लावतो, नाव न घालता. चिठ्ठीवर माणूस खरं लिहितो. तुम्हाला प्रशिक्षणाला जायचं असेल तर आदल्या रात्री हेच करा: ज्या धड्याची भीती वाटते त्यातले तीन प्रश्न एका कागदावर लिहून खिशात ठेवा. ते तीन विचारल्याशिवाय प्रवासभत्त्याच्या कागदावर सही करायची नाही.

असाच एक प्रश्न ऋतूंचा. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते, असं खासगीत मानणारे शिक्षक मी बरेच पाहिलेत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण स्वेटर घालून शाळेत जातो तेव्हा पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर असते, सुमारे 15.2 कोटींवर. हे दोन आकडे फळ्यावर लिहायचे आणि गप्प बसायचं. बाकीचं काम वर्गच करतो.

वरून खाली गाळत येणारं ज्ञान

राज्यावर जिल्ह्याचे तज्ज्ञ शिकून येतात, जिल्ह्यावर तालुक्याचे, तालुक्यावर आपण. चार दिवसांचं दोन दिवसांत, दोन दिवसांचं एका दुपारी. तिसऱ्या पायरीला प्रयोग गळतो आणि स्लाइड उरते. व्यवस्थेत शिक्षक इतके की हे पूर्ण टळणार नाही, हे मला मान्य आहे. पण एकदाच शिकवून सोडून देणं टाळता येतं.

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरममध्ये, 1972 साली 16 शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या स्वयंसेवी संस्थांनी तो उभा केला, 1982 पासून एकलव्य संस्थेने पुढे नेला. विद्यापीठांतले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ गावच्या शिक्षकांबरोबर बसायचे. मला त्यातल्या दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक, मुलांना जो प्रयोग करायचा तो शिक्षकाने आधी प्रशिक्षणात स्वतः करायचा. दुसरी, सुट्टीतल्या प्रशिक्षणानंतर दर महिन्याला शिक्षकांची बैठक व्हायची आणि त्यात वर्गात काय अडलं यावर बोलणं व्हायचं. परीक्षाही पुस्तक उघडं ठेवून घेत, त्यामुळे पाठांतर शिकवण्यात कुणाचा फायदा नव्हता. 2002 मध्ये सरकारने तो कार्यक्रम बंद केला. मासिक बैठकीची कल्पना मात्र उचलायला कुणाची परवानगी लागत नाही.

तास भरायचे म्हणून भरणं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. तास आले की तास भरण्याच्या युक्त्याही आल्या. मोबाइलवर व्हिडिओ लावून ठेवायचा, आवाज बंद, शेजारी उत्तरपत्रिका तपासायच्या. शेवटच्या प्रश्नांची उत्तरं व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेलीच असतात. मी हे केलेलं नाही असं म्हणालो तर माझ्या स्टाफरूममधले लोक हसतील.

यावर माझा साधा उपाय असा की ऑनलाइन कोर्स एकट्याने करायचा नाही. आम्ही तीन शाळांचे चार शिक्षक एकच कोर्स घेतो, आणि प्रत्येक भागातली एकच गोष्ट पुढच्या आठवड्यात वर्गात करून बघतो. बाकीचं सोडून देतो. पन्नास तासांतले दहा तरी कामाचे निघतात.

सुरक्षितता शेवटच्या पाच मिनिटांत

एका प्रशिक्षणात पानातलं स्टार्च तपासायचा प्रयोग चालला होता. हरितद्रव्य काढायला पान स्पिरिटमध्ये उकळावं लागतं. उशीर झालेला, म्हणून चंचुपात्र थेट ज्योतीवर ठेवलं गेलं. निळसर ज्वाळा काठावर चढली. एका बाईंनी फळा पुसायचं ओलं फडकं वर टाकलं म्हणून भागलं. त्यांना कुणी शाबासकीही दिली नाही, सगळे बिल पासिंगच्या गडबडीत.

स्पिरिट सुमारे 78 अंशांना उकळतं. म्हणजे उकळत्या पाण्याचं भांडं पुरेसं आहे: पाणी उकळवा, ज्योत विझवा, मगच स्पिरिटची नळी त्या पाण्यात उभी करा. स्पिरिटचा दिवा पेटलेला असताना त्यात स्पिरिट ओतू नका. आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही. हे सांगायची जागा प्रयोगाच्या आधी आहे, आभारप्रदर्शनाच्या आधी नाही.

आणि आयोडीन टाकूनही पान काळं-निळं झालंच नाही, म्हणजे स्टार्च दिसलंच नाही, तर आयोडीनला दोष देण्याआधी कुंडी कुठे होती ते विचारा. दिवसभर उन्हात राहिलेल्या रोपाचं पातळ पान दुपारनंतर तोडा. अंधारातलं पान हवं असेल तर रोप एक-दोन दिवस आधीच कपाटात जायला हवं, तासाच्या आदल्या सुट्टीत नाही.

परत आल्यावर कपाटाला कुलूप

साहित्याची पेटी मिळते, साठा नोंदवहीत चढते आणि कपाटात जाते. फुटलं तर भरून कोण देणार? मुख्याध्यापकांशी पहिल्याच आठवड्यात बोलून घ्या की वर्षाला चार-पाच नळ्या फुटणारच. फुटलेल्या नळीची नोंद हा प्रयोग झाल्याचा पुरावा आहे, असं आमचे एक जुने मुख्याध्यापक म्हणायचे आणि निर्लेखनाच्या, म्हणजे फुटलेलं साहित्य नोंदवहीतून वगळायच्या यादीवर हसत सही करायचे.

बरंचसं साहित्य तर टपरीवरच मिळतं. पानवाल्याकडचा चुना रात्रभर पाण्यात ठेवला की वरची निवळी तयार. जुना, उघडा पडून वाळलेला चुना चालत नाही. निवळी काठोकाठ भरून बाटलीचं बूच घट्ट लावा, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने वर साय धरते. नळीतून फुंकलं की ती दुधाळ होते. एखादं उत्साही पोर फुंकतच राहतं आणि ती परत नितळ होते, तेव्हा "बिघडला प्रयोग" म्हणून ओतून देऊ नका. न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट झालेलं असतं. दहावीच्या वर्गाला याहून चांगला प्रश्न कुठून आणणार?

पुढे वाढायचं असेल त्यांच्यासाठी दारं बरीच उघडी आहेत. मुंबईत मानखुर्दला 1974 साली स्थापन झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, चुनाभट्टीला 1966 पासून काम करणारी मराठी विज्ञान परिषद आहे, पुण्यात आयसर या विज्ञान संशोधन संस्थेचं विज्ञान शिक्षणाचं काम चालतं. अरविंद गुप्तांची कचऱ्यातून केलेली खेळणी तर त्यांच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, मराठीतही. फक्त जाताना आपला एखादा फसलेला प्रयोग घेऊन जा.

आमच्या चार-पाच शाळांची बैठक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी होते. नियम एकच: प्रत्येकाने न जमलेला प्रयोग आणायचा. मागच्या वेळी एक बाई हळदीचे कागद घेऊन आल्या. साबणाच्या पाण्यात लाल झाला, लिंबाच्या रसात पिवळा राहिला, म्हणून त्यांनी मुलांना "पिवळा म्हणजे आम्ल" असं लिहून दिलं होतं. सातवीतल्या एका मुलीने साध्या पाण्यात कागद बुडवला. तोही पिवळाच. "बाई, मग पाणीपण आम्ल का?" आम्ही आम्लातही रंग बदलणारी जास्वंदीची फुलं आणायला एकाला गेटबाहेर पाठवलं आणि चहा सांगितला.