पगार मायदेशातून, काम परदेशात: कराच्या या चुका टाळा

पगार मायदेशातली कंपनी देते, तिथल्याच खात्यात जमा होतो, करही तिथेच कापला जातो. मग परदेशात विवरणपत्र कशाला भरायचं? ही समजूतच पुढच्या कटकटींचं मूळ. पगारावर कर लावण्याचा पहिला हक्क साधारणपणे काम प्रत्यक्ष जिथे झालं त्या देशाचा असतो. पैसे कुठल्या चलनात आले नि कुठल्या बँकेत पडले, याला फारसं महत्त्व नाही.

‘१८३ दिवस झाले नाहीत, म्हणजे कर नाही’

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काम झालेल्या देशात पगारावर कर न लागण्याची ही सवलत दोन देशांमधल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारातून येते (बहुतेक करारांत कलम १५ किंवा १६) आणि तिच्या तीन अटी एकाच वेळी पाळाव्या लागतात: मुक्काम १८३ दिवसांपेक्षा जास्त नको, पगार देणारी कंपनी यजमान देशाची (जिथे तुम्ही काम करता त्याची) निवासी नको, आणि पगाराचा बोजा त्या देशातल्या कंपनीच्या कायम आस्थापनेवर (शाखा, कचेरी यांसारख्या कायमच्या ठिकाणावर) पडलेला नको. पहिली अट सगळ्यांना पाठ असते, तिसरी बघायचं राहून जातं. मायदेशातल्या कंपनीने तुमच्या पगाराचा खर्च परदेशातल्या शाखेच्या नावे टाकला, तर मुक्काम ६० दिवसांचा असला तरी सवलत जाऊ शकते. खर्च तिथल्या उपकंपनीकडून वसूल होत असेल आणि तुमचं रोजचं काम तिचेच लोक ठरवत असतील, तर अनेक देश तिलाच तुम्हाला नोकरी देणारी खरी कंपनी मानतात आणि मग दुसरी अट मोडते. म्हणून निघण्याआधी वित्त विभागाला लेखी विचारा: माझा खर्च कोणाच्या वहीत पडणार?

मोजणीतही घोळ होतात. येण्याचा दिवस, जाण्याचा दिवस, शनिवार-रविवार, सण आणि तिथे घालवलेली रजा हे सगळे दिवस सहसा धरले जातात. फक्त कामाचे दिवस मोजणं चूक. खिडकीही पाहा, म्हणजे दिवस कोणत्या कालावधीत मोजायचे ते. जुन्या काही करारांत ती करवर्षाची असते, नव्यांत कोणत्याही सलग १२ महिन्यांची. नोव्हेंबर ते जून असा मुक्काम दोन कॅलेंडर वर्षांत विभागून पहिल्या प्रकारात वाचेल, दुसऱ्यात नाही. करारच नसेल तर १८३ चा आधार विसरा. पहिल्या दिवसापासून कर लागू शकतो. आणि सवलत मिळत असली तरी ती मागण्यासाठी काही देशांत अर्ज किंवा विवरणपत्र द्यावंच लागतं.

दोन्ही देश ‘निवासी’ म्हणतात तेव्हा

कुटुंब मागे, आपण पुढे, अशा घरांत हे हमखास होतं. करासाठी तुम्ही कुठल्या देशाचे निवासी हे ठरवायला करारातल्या कसोट्या क्रमाने लावायच्या: कायमचं घर, मग कौटुंबिक-आर्थिक संबंधांचं केंद्र, मग नेहमीचा वावर, मग नागरिकत्व. आधीच्या पायरीवर निकाल लागला की पुढे जायचं नाही. अमेरिकन नागरिकांना मात्र कुठेही राहिलं तरी जगभरच्या उत्पन्नाचं विवरणपत्र अमेरिकेत भरावंच लागतं.

परदेशी कराची वजावट

परदेशात भरलेला सगळा कर परत मिळेल असं धरू नका. त्याच उत्पन्नावर तिथे ३०,००० कर आणि मायदेशी नियमाने २२,००० होत असेल, तर सहसा वजावट २२,००० चीच. उरलेले ८,००० काही देश पुढच्या वर्षांसाठी राखू देतात, काही नाही. करवर्षंही जुळत नाहीत: भारतात एप्रिल ते मार्च, ब्रिटनमध्ये ६ एप्रिल ते ५ एप्रिल, अमेरिकेत जानेवारी ते डिसेंबर. म्हणून पगाराची महिनावार फोड आणि कर भरल्याच्या पावत्या पहिल्या महिन्यापासून ठेवा. निवासी असल्याचा दाखला त्या त्या देशाच्या कर खात्याकडून वेळेत मागवा. ऐन मुदतीत तो हातात पडत नाही.

कंपनीने भरलेला करही उत्पन्नच

परदेशातलं घरभाडं, मुलांची फी, कंपनीने तुमच्या वतीने भरलेला कर हे बहुतेक ठिकाणी पगारात धरतात. हातात ७० द्यायचे आणि दर ३० टक्के असेल तर एकूण पगार १०० दाखवावा लागतो. ७० वर ३० टक्के चढवून ९१ दाखवले, तर कर कापून ६३.७० च उरतात. पगारपत्रकात ही चूक वारंवार दिसते.

परत आल्यावर मिळालेला बोनस आणि शेअर यांचंही तसंच. मिळाले मायदेशात, पण कमावले गेले परदेशातल्या दिवसांत. त्या दिवसांच्या प्रमाणात तिथे कर लागू शकतो.

सामाजिक सुरक्षेची वर्गणी हा वेगळाच विषय, कर करारात ती येत नाही. युरोपीय संघात एका सदस्य देशातून दुसऱ्यात पाठवलेल्यांसाठी ए१ दाखला (वर्गणी मूळ देशातच भरली जाते असं सांगणारा) असतो, साधारण २४ महिन्यांपर्यंतच्या नेमणुकीला. इतरत्र दोन देशांत तसा करार आहे का ते आधी पाहा, नाहीतर दोन्हीकडे भरावी लागते.

आधीची वर्षं राहून गेली असतील तर

नोटीस येण्याआधी स्वतःहून जाणं बरं. बऱ्याच देशांत दंड कमी होतो. क्रम असा: प्रवासाची तारीखवार यादी (पासपोर्टचे शिक्के, बोर्डिंग पास), नेमणुकीचं पत्र, पगाराच्या स्लिपा, मग यजमान देशाची राहिलेली विवरणपत्रं, आणि शेवटी मायदेशात वजावटीसाठी दुरुस्ती. मायदेशातल्या दुरुस्तीची मुदत मात्र सगळ्यात आधी तपासा. ती उलटून गेली असेल तर परदेशात भरलेल्या कराची वजावट मिळणं अवघड होऊन बसतं.