गम प्रिंटच्या कागदाला खळ देताना

गम प्रिंट म्हणजे डिंक, रंग आणि डायक्रोमेट (उजेडात डिंक घट्ट करणारं रसायन) यांचा थर कागदावर देऊन, निगेटिव्हखाली उन्हात धरून आणि पाण्यात धुऊन काढलेला फोटो; दर रंगाला नवा थर. खळ म्हणजे इथे रंग तंतूंत शिरू नये म्हणून आधी दिलेला जिलेटिनचा लेप. कागद आधी ठरवा, पुढचं सगळं त्याच्यावर बेतलेलं आहे. सुती, ३०० जीएसएमचा, गुळगुळीत. फॅब्रियानो आर्टिस्टिको किंवा आर्श मिळाला तर उत्तम. पुण्याचा हातकागद वापरून बघायचा मोह होतोच. वापरा, पण आधी एक तुकडा तासभर पाण्यात ठेवा. बोटाने चोळल्यावर तंतू सुटू लागले, तर दर थराला होणारी धुलाई तो सोसणार नाही. तावांच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करा. खळ दिल्यावर सुलट-उलट कळत नाही.

आदल्या दिवशी ताव साधारण ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवून वाळवा. काय आटायचा तो कागद आत्ताच आटू दे. नाहीतर दुसऱ्या थराला निगेटिव्ह जुळत नाही आणि तीन रंगांच्या प्रिंटमध्ये माणसाला ओठांच्या दोन जोड्या येतात. मात्र याच गरम पाण्यात कारखान्यातली खळ बरीचशी निघून जाते. आपली दिली नाही तर रंग थेट तंतूंत शिरतो आणि जिथे पांढरं हवं तिथे मळकट झाक राहते.

जिलेटिन बिनवासाचं, बिनरंगाचं घ्या. केकच्या सामानाच्या दुकानातलं चालतं. प्रमाण लिटरला ३० ग्रॅम. गार पाण्यात वीसेक मिनिटं फुगवा, मग भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून ५० अंशांच्या आसपास विरघळवा. उकळू मात्र नका, त्याची पकड जाते. थर्मामीटर, रुंद ट्रे, दोरी, चिमटे त्याआधीच मांडलेले हवेत. मिश्रण गार झालं की तावावर गुठळ्या बसतात. ताव बुडवून ट्रेच्या काठावरून ओढत बाहेर काढा, म्हणजे बुडबुडे आणि जास्तीचं जिलेटिन तिथेच निपटतं. टांगल्यावर खालच्या कोपऱ्यात मधासारखा दाट थेंब साचतो, म्हणून अर्धवट वाळल्यावर ताव उलटा टांगा.

हार्डनर, म्हणजे जिलेटिन पक्कं करणारं रसायन, हवाच. कच्चं जिलेटिन धुताना मऊ पडतं आणि डिंकाचा थर सोबत घेऊन सुटतं. मी ग्लायोक्सल वापरतो: ४० टक्क्यांच्या बाटलीतलं २५ मिली लिटरभर गार पाण्यात, आणि वाळलेला ताव त्यात पाचेक मिनिटं. मग साध्या पाण्यात नीट खळबळायचा; ही धुलाई आळसाने सोडली की कागद पुढे पिवळा पडतो. फॉर्मलिननेही काम होतं, पण ती वाफ घरात नकोच. ग्लायोक्सललाही हातमोजे आणि उघडी खिडकी लागते.

पावसाळ्यात हा घाट घालू नका. मुंबई-कोकणात जिलेटिन दोरीवरच वास मारायला लागतं. मार्च-एप्रिलात लागतील तेवढे ताव करून सपाट, कोरडे ठेवा.

गठ्ठा वापरायला काढण्याआधी एका पट्टीवर डिंक, रंग आणि डायक्रोमेटचं मिश्रण लावा (हातमोजे घालूनच, डायक्रोमेट विषारी आहे), अंधारात वाळवा आणि ऊन न दाखवता गार पाण्यात धुवा. पट्टी कोरी झाली तर कागद तयार. झाक राहिली तर जिलेटिनचा आणखी एक हात द्या आणि पुन्हा ग्लायोक्सलमधून काढा.